सल्ला कोणाचा, कंपनी कोणाची?

९ फेब्रुवारी २०१६ रोजी मॅकिन्झी या बड्या सल्लागार कंपनीचे जोहान्सबर्गमधले एक भागीदार विकास सागर यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी वीज कंपनीला, म्हणजे एस्कॉमला, एक पत्र दिलं. मजकूर कुठल्याही सरकारी फाइलीत खपून जावा इतका रुक्ष होता. आपण दिलेल्या कामाचा काही भाग आम्ही ट्रिलियन या कंपनीला उपकंत्राटावर दिला आहे, तरी तिची बिलं परस्पर तिला चुकती करण्यास आमची हरकत नाही, असा त्याचा आशय. वाचणाऱ्याला त्यात वावगं काही दिसू नये. पण मॅकिन्झी आणि ट्रिलियन यांच्यात असा करार झालेलाच नव्हता. एस्कॉमचाही ट्रिलियनशी करार नव्हता. पुढच्याच महिन्यात मॅकिन्झीने ट्रिलियनशी चाललेली बोलणी थांबवली, कारण ‘तुमचे मालक नेमके कोण’ याचं धड उत्तर तिकडून मिळेना. एवढं होऊनही एस्कॉमने २०१६ आणि २०१७ मध्ये मिळून ट्रिलियनला जवळपास ६० कोटी रँड दिले आणि मॅकिन्झीला सुमारे १०० कोटी. तेव्हाच्या दराने हे सातशे कोटी रुपयांच्या वर जातं. मालक कोण हा प्रश्न उशिरा का होईना, खासगी कंपनीला पडला. जनतेचा पैसा वाटणाऱ्या सरकारी कंपनीला तो पडला नाही. किंवा उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे विचारायची गरज भासली नाही.

कंपन्यांच्या मालकीतली पारदर्शकता आणि सरकारने खासगी सल्लागार नेमणं या दोन गोष्टींची चर्चा एरवी वेगवेगळ्या दालनांत होते. पहिली काळ्या पैशाच्या खात्यात जमा होते, दुसरी प्रशासन-सुधारणेच्या. माझ्या मते हा एकच विषय आहे, आणि त्याचं कारण सल्ला या मालाच्या स्वभावात दडलेलं आहे. रस्त्याचं काम निकृष्ट झालं तर डांबराचा गाभा कापून जाडी मोजता येते, पुलाला तडा गेला तर तो कोणालाही दिसतो. सल्ल्याचं तसं नाही. दोनशे पानांचा सुबक अहवाल खरोखर अभ्यास करून लिहिला आहे की जुन्याच अहवालातली नावं बदलून तयार केला आहे, हे ठरवायला पुन्हा दुसरा तज्ज्ञ लागतो. सल्ला चुकला तरी ‘अंमलबजावणी नीट झाली नाही’ म्हणायची सोय असते. माल तपासता येत नाही तेव्हा विकणारा तपासावा लागतो : ही कंपनी कोणाची, तिने हे काम पूर्वी केलं आहे का, आणि या बिलाचे पैसे शेवटी कोणत्या माणसाच्या खिशात जाणार. हा शेवटचा प्रश्न टाळला, तर सल्लागाराचं बिल हे टक्केवारी पोचवण्याचं सर्वांत स्वच्छ, सर्वांत कायदेशीर दिसणारं पाकीट होतं. दक्षिण आफ्रिकेत तेच झालं, आणि तिथे ते कागदोपत्री, शपथेवर, जाहीर सुनावणीत सिद्ध झालं म्हणून तो दाखला घ्यायचा.

ट्रिलियनमध्ये ६० टक्के वाटा सलीम एसा यांचा असल्याचं पुढे बाहेर आलं. हे एसा म्हणजे गुप्ता बंधूंचे निकटचे भागीदार. अजय, अतुल आणि राजेश हे तिघे गुप्ता बंधू मूळचे उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरचे. १९९३ पासून दक्षिण आफ्रिकेत त्यांनी संगणकविक्रीपासून खाणींपर्यंत साम्राज्य उभं केलं, आणि तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्याशी त्यांची इतकी घसट होती की कोण मंत्री होणार हे त्यांच्या बंगल्यावर ठरतं, असे आरोप खुद्द सत्ताधारी पक्षाच्या लोकांनी केले. गुप्तांनी आणि झुमांनी हे सगळं नाकारलं आहे. न्यायमूर्ती रेमंड झोंडो यांच्या आयोगाने मात्र २०१८ पासून चार वर्षं साक्षी-पुरावे तपासून २०२२ मध्ये जे खंडामागून खंड सादर केले, त्यांत या साऱ्याला ‘राज्य ताब्यात घेणं’ असंच म्हटलं आहे. त्या खंडांमध्ये सल्लागार कंपन्या पानोपानी भेटतात.

ट्रिलियनसारख्या कंपनीला शिरकाव मिळाला तो एका चांगल्या हेतूच्या धोरणातून. वर्णद्वेषी राजवटीने कृष्णवर्णीय आणि भारतीय वंशाच्या नागरिकांना उद्योगधंद्यातून बाहेर ठेवलं होतं. त्याची भरपाई म्हणून सरकारी काम घेणाऱ्या परदेशी कंपनीने कामाचा ठरावीक हिस्सा, बहुधा ३० टक्क्यांच्या आसपास, अशा स्थानिक भागीदाराला द्यावा, त्याला हाताशी धरून तयार करावं, अशी अपेक्षा होती. धोरणात खोट नव्हती. खोट होती ती भागीदार कोण हे कागदावरच्या नावापलीकडे न पाहण्यात. ट्रान्सनेट या सरकारी रेल्वे-बंदर कंपनीत मॅकिन्झीची स्थानिक भागीदार रेजिमेंट्स नावाची वित्तीय सल्लागार कंपनी होती. तिला मिळालेल्या शुल्काचा मोठा हिस्सा पुढे होमिक्ससारख्या कंपन्यांकडे वळत होता. त्यांना ना सांगण्यासारखे कर्मचारी होते, ना कसलं काम. रेजिमेंट्सचे एक संचालक एरिक वुड २०१६ मध्ये बाहेर पडले आणि ट्रिलियनमध्ये गेले. ट्रिलियनच्या व्यवस्थापन-सल्ला विभागाच्या प्रमुखपदी आणलेल्या बियांका गुडसन यांना तिथे पोचल्यावर कळलं की आपल्याकडे सल्ला देणारी माणसंच नाहीत. धंद्याची रीत अशी की सरकारी कंपनीत काम मिळवून द्यायचं ट्रिलियनने, काम करायचं आंतरराष्ट्रीय कंपनीने, आणि शुल्क निम्मं-निम्मं. तीनेक महिन्यांत त्यांनी राजीनामा दिला आणि पुढे सगळं जाहीरपणे सांगितलं.

ट्रान्सनेटच्याच १,०६४ रेल्वे इंजिनांच्या खरेदीत याहून उघडावाघडा कागद सापडला. या खरेदीचा अंदाज ३,८६० कोटी रँडचा होता, तो ५,४०० कोटींच्या पुढे गेला. चिनी उत्पादकाने त्यातल्या एका कंत्राटासाठी हाँगकाँगमध्ये नोंदलेल्या टेक्वेस्टा या कंपनीशी ‘सल्लासेवे’चा करार केला होता. मोबदला कंत्राटाच्या किमतीच्या २१ टक्के. टेक्वेस्टाही एसा यांचीच. करारात एक कलम असं होतं की सल्ला दिल्याचा कोणताही पुरावा टेक्वेस्टाने देण्याची गरज नाही, कारण तिच्या सक्रिय प्रयत्नांशिवाय हा प्रकल्प आकारालाच आला नसता हे उभय पक्षांना मान्य आहे. दलालीच्या इतिहासात इतकं प्रांजळ वाक्य क्वचितच कोणा वकिलाने लिहिलं असेल. आपल्याकडे हे तोंडी ठरतं.

एस्कॉमकडे वळू. नियम नव्हते असं नाही. मॅकिन्झीला ठरावीक शुल्काऐवजी ‘बचत होईल त्यातला वाटा’ द्यायचा ठरला होता, आणि अशा वेगळ्या पद्धतीसाठी राष्ट्रीय कोषागाराची परवानगी हवी होती. ती घेतलीच नाही. देयकांबद्दल वर्तमानपत्रांत बोभाटा झाला तेव्हा एस्कॉमने सल्लागाराची बिलं तपासायला आणखी एक सल्लागार नेमला, ऑलिव्हर वायमन. त्यांनी पुढे पैसे देण्याआधी कायदेशीर सल्ला घ्या असं सुचवलं, आणि एस्कॉमने त्यांच्या अहवालातलं सोयीचं तेवढं उचलून सगळं रीतसर असल्याचा निर्वाळा दिला. शेवटी ज्येष्ठ वकील जेफ बडलेंडर यांच्या चौकशीतून ते फेब्रुवारीचं पत्र उजेडात आलं. बडलेंडर यांना नेमलं होतं ट्रिलियनचेच अध्यक्ष टोकियो सेक्सवाले यांनी. म्हणजे कंपनीच्या अध्यक्षालाही आपल्या कंपनीत काय चाललं आहे हे बाहेरच्या वकिलाकडून समजून घ्यावं लागलं. जून २०१७ च्या त्या अहवालाने मॅकिन्झीने चौकशीला दिलेली उत्तरं खोटी ठरवली. या सगळ्या हातांमधून फाइल गेली : एस्कॉमचा वित्त विभाग, संचालक मंडळ, लेखापरीक्षक, दुसरा सल्लागार. बिल काढण्याआधी ‘ट्रिलियनमागचा माणूस कोण’ हे लिहून घेण्याचं बंधन यांपैकी एकाच्याही टेबलावर नव्हतं.

इथे एक आक्षेप रास्त आहे, आणि तोही दक्षिण आफ्रिकेतूनच येतो. बेन या अमेरिकी सल्लागार कंपनीची मालकी गुप्त नव्हती, तिचे भागीदार कोण हे जगाला ठाऊक होतं. तरीही तिने २०१५ पासून तिथल्या महसूल सेवेची ‘पुनर्रचना’ केली, सुमारे १६ कोटी ४० लाख रँड घेतले, आणि मोठ्या करदात्यांवर नजर ठेवणारा नावाजलेला विभाग त्या पुनर्रचनेत मोडीत निघाला. न्यायमूर्ती रॉबर्ट न्यूजंट यांच्या आयोगाने २०१८ मध्ये दाखवून दिलं की बेनच्या तिथल्या प्रमुखाने काम मिळण्याआधीच झुमांच्या अनेकदा खासगी भेटी घेतल्या होत्या आणि महसूल सेवेचे भावी आयुक्तही आधीपासून संपर्कात होते. मालकाचं नाव माहीत असण्याने इथे काय वाचलं? काही नाही, हे कबूल. मालकीची नोंद हे सर्वरोगहर औषध आहे असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. भेटीगाठींची नोंद, स्पर्धात्मक निविदा, अहवाल जाहीर करणं हे सगळं लागतंच. पण बेन आणि ट्रिलियन यांचं पुढे काय झालं ते शेजारी ठेवून पाहा. बेनने शुल्क व्याजासह परत केलं, २०२२ मध्ये ब्रिटनच्या सरकारने सरकारी कामांच्या निविदांसाठी तिच्यावर तीन वर्षांची बंदी घातली, दक्षिण आफ्रिकेने १० वर्षांची. मॅकिन्झीने एस्कॉमला सुमारे १०० कोटी रँड परत दिले, नंतर ट्रान्सनेट आणि तिथल्या सरकारी विमान कंपनीचं शुल्कही. विकास सागर यांनी अमेरिकी न्यायालयात लाचखोरीच्या कटाचा गुन्हा कबूल केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये मॅकिन्झीच्या आफ्रिकी शाखेने १२ कोटी २० लाख डॉलरहून अधिक रक्कम भरायचं मान्य केलं. ट्रिलियनच्या बाबतीतही प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये सगळी रक्कम एस्कॉमला परत करण्याचा आदेश दिला. मात्र आदेश आला तोवर कंपनीचं नुसतं टरफल उरलं होतं, आणि ती अवसायनात निघाली. एसा परदेशात, गुप्ता बंधू परदेशात. ज्या कंपनीला गमावण्यासारखं नाव होतं तिच्याकडून पैसा वसूल झाला. जिचा मालक पडद्याआड होता तिच्यामागे धावून न्यायालयाच्या हाती कागद लागला. मालकी आधी विचारायची ती याचसाठी.

‘सरकारने सल्लागार नेमूच नयेत’ हा सूर या प्रकरणानंतर तिथे उमटला, आपल्याकडेही अधूनमधून उमटतो. मला तो पटत नाही. मेट्रोचा बोगदा खणायचा, बंदराचं खासगीकरण करायचं की नाही ठरवायचं, यासाठी लागणारं ज्ञान प्रत्येक महापालिकेने किंवा मंडळाने कायम पगारावर पोसावं ही अपेक्षा अवाजवी आहे. मुंबईच्या कायापालटाचा २००३ मधला गाजलेला आराखडाही ‘बॉम्बे फर्स्ट’ या संस्थेसाठी मॅकिन्झीनेच केला होता. त्यातल्या कल्पना कोणाला पटल्या, कोणाला नाही, पण तो कोणी केला आणि कोणासाठी, हे सर्वांना माहीत होतं आणि त्यावर उघड वाद घालता आला. खरा धोका सल्लागार असण्यात नाही. सल्ला तोलण्याइतकी माणसंही खात्यात उरत नाहीत, तेव्हा तो सुरू होतो. निविदेचा मसुदा एका सल्लागाराने करायचा, निविदा दुसऱ्याने तपासायची, कामावर देखरेख तिसऱ्याची, आणि अधिकाऱ्याने फक्त सही करायची, अशी स्थिती आली की तिघांच्या मागे एकच मालक निघाला तरी सही करणाऱ्याला कळायचा मार्ग राहत नाही.

खासगीपणाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २२ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल दिला की कंपन्यांच्या खऱ्या मालकांची यादी सरसकट कोणालाही पाहू देणं हा खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग आहे, आणि अनेक देशांनी आपल्या नोंदवह्या तडकाफडकी बंद केल्या. एखाद्या कुटुंबाच्या द्राक्षबागेची किंवा वडिलोपार्जित वाड्याची मालकी शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळली नाही तरी जगाचं काही अडत नाही, हे मान्य. मात्र सरकारचे पैसे घ्यायला येणाऱ्याचा दावा निराळा आहे. त्याला इथे कोणी बोलावून आणलेलं नाही. नाव गुप्त ठेवायचं असेल तर त्याने निविदा भरू नये. हा भेद स्लोव्हाकियाने कायद्यातच केला. १ फेब्रुवारी २०१७ पासून तिथे ठरावीक रकमेच्या वर सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक कंपनीला, उपकंत्राटदारांसकट, आपला खरा मालक वेगळ्या, सर्वांना पाहता येणाऱ्या नोंदवहीत लिहावा लागतो. याच नोंदवहीमुळे शेजारच्या चेक देशाचे तेव्हाचे पंतप्रधान आंद्रेई बाबिश यांचं नाव, विश्वस्त निधीकडे सोपवलेल्या आपल्या अॅग्रोफर्ट उद्योगसमूहाचे खरे लाभार्थी म्हणून, २०१८ मध्ये लोकांसमोर आलं. त्यांच्या स्वतःच्या देशातल्या वह्यांनी ते सांगितलं नव्हतं.

मग लबाड माणूस खोटं नाव लिहील, त्याचं काय? लिहीलच. ब्रिटनने २०१६ मध्ये अशी नोंदवही सर्वांसाठी खुली केली तेव्हा कोणी काहीही लिहावं आणि नोंदणी कार्यालयाने ते जसंच्या तसं स्वीकारावं असा कारभार होता. पडताळणीचा कायदा २०२३ मध्ये आला आणि ओळखीची सक्ती व्हायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. स्लोव्हाकियाने हा घोळ सुरुवातीलाच टाळला. मालकाचं नाव तिथे कंपनी स्वतः नोंदवत नाही. वकील, नोटरी, लेखापरीक्षक किंवा बँक ते पडताळून, कसं पडताळलं याच्या लेखी टिपणासह नोंदवते आणि स्वतःही जबाबदार ठरते. शंका आली तर आपली नोंद खरी आहे हे सिद्ध करण्याचा बोजा कंपनीवर. खोटं नाव लिहिणारे तरीही राहतील, पण आज जी गोष्ट नुसती ‘न सांगितलेली’ असते ती उद्या ‘खोटी सांगितलेली’ होईल, आणि या दोहोंत दंडाचा आणि करार रद्द होण्याचा फरक आहे.

दक्षिण आफ्रिकेलाही शहाणपण सुचलं ते बाहेरच्या दट्ट्याने. फेब्रुवारी २०२३ मध्ये आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कृतिदलाने तिला ‘करड्या यादी’त टाकलं, आणि एप्रिलपासून तिथल्या कंपन्यांना ५ टक्के किंवा त्याहून अधिक वाटा असलेल्या खऱ्या मालकांची नोंद करणं सक्तीचं झालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती यादीतून बाहेर पडली. या प्रकरणाचा एक धागा आपल्याकडेही येतो. २०१६ मध्ये तिथल्या बँकांनी गुप्तांची खाती बंद केली तेव्हा ती चालू ठेवली ती बँक ऑफ बडोदाच्या जोहान्सबर्ग शाखेने. २०१८ मध्ये बँकेने त्या देशातला गाशाच गुंडाळला.

आपल्याकडचा कायदा कुठवर पोचला आहे? कंपनी कायद्याच्या कलम ९० खाली, २०१८ च्या आणि २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांनुसार, १० टक्के किंवा अधिक अप्रत्यक्ष वाटा असलेल्या व्यक्तीने आपण ‘महत्त्वाचे लाभार्थी मालक’ असल्याचं कंपनीला कळवायचं आणि कंपनीने ते सरकारला. पण कंपनीकडची ती वही पाहण्याचा हक्क कायद्याने दिला आहे तो कंपनीच्या सभासदांना. ज्यांच्या करातून सल्लागाराचं बिल निघतं त्यांना नाही. इतक्या मोठ्या देशात, इतक्या टेंडरांत, प्रत्येक बोलीदाराचा खरा मालक कसा विचारणार, त्याने छोट्या कंपन्या घाबरून पळतील, कामं रखडतील, असं यावर सांगितलं जातं. या तक्रारीचं उत्तर केंद्राच्या अर्थ मंत्रालयानेच २३ जुलै २०२० रोजी देऊन ठेवलं आहे. गलवानच्या चकमकीनंतर सव्वा महिन्यात निघालेल्या त्या आदेशानुसार, भारताला जमिनीने लागून असलेल्या देशातल्या बोलीदाराला आधी नोंदणी केल्याशिवाय सरकारी निविदा भरता येत नाही. मालवस्तू, बांधकाम आणि सल्लासेवाही त्यात आल्या. बोलीदार कोणत्या देशाचा हे ठरवताना नुसतं नोंदणीचं ठिकाण पाहायचं नाही. २५ टक्क्यांहून अधिक वाटा असलेला लाभार्थी मालक कुठला आहे तेही पाहायचं. उपकंत्राट देतानाही तीच अट. राज्य सरकारांनाही ती लागू केली. त्या दिवसापासून मंत्रालयातल्या आणि महापालिकांतल्या निविदांना या आशयाचं एक पानी प्रमाणपत्र जोडलं जाऊ लागलं, आणि निविदांचं काम त्यामुळे थांबलं नाही. त्या पानावर बोलीदार एवढंच लिहून देतो की आपला मालक शेजारच्या देशातला नाही, किंवा असल्यास आपली नोंदणी झालेली आहे. तो मालक कोण, हे लिहायची ओळ त्यावर नाही. आणि बिल काढण्याआधी ते पान सर्वांना पाहता येईल अशा ठिकाणी लावण्याची तरतूदही नाही.